कोरडोबाचं स्नान

मंगळवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास धामणदऱ्याच्या कोरडोबाने कवच टाकलं.

गाभाऱ्यात तेव्हा विश्राम गुरव एकटेच होते. निरांजनात वात घालत असताना पाठीमागे कौल तडकावं तसा आवाज झाला. वळून पाहिलं, तर देवाच्या अंगावरचा शेंदूर डोक्यापासून पायापर्यंत उभा चिरला होता. डावा भाग सुटून भिंतीला टेकला होता. बुवा पाहत राहिले तोच उजवा भागही सुटला आणि सावकाश पुढे झुकला. तो त्यांनी दोन्ही हातांनी झेलला, लहान मूल झेलावं तसा. आत काळा दगड होता. बेसाल्टचा काळा रंग त्यांच्या डोळ्यांना जन्मापासून ओळखीचा. हा काळा वेगळा होता. निरांजनाचा उजेड त्याच्यावर पडत होता, पण परत येत नव्हता.

बुवांनी कवच जमिनीवर टेकवलं, बाहेर येऊन घंटेचा दोर धरला आणि गाव जमेपर्यंत सोडला नाही.

शेंदराचे देव महाराष्ट्रात गावोगाव आहेत. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर-तेलाचे लेप चढत जातात, मूळ दगड दिसेनासा होतो आणि कधीतरी, दोन-तीन पिढ्यांतून एकदा, ते ओझं आपोआप सुटतं. कवच नदीत सोडायचं, मूळ रूपाचं दर्शन घ्यायचं, पुन्हा शेंदूर लावायचा, ही रीत सगळीकडे सारखीच. पैनगंगेच्या काठावरच्या या गावात मात्र देवाची तऱ्हा निराळी होती. कोरडोबाला पाणी चालत नसे. त्याला अभिषेक नव्हता, तीर्थ नव्हतं, दूध-दह्याचं नावही नको. गाभाऱ्याच्या दाराला एक पंचा टांगलेला असे. त्याला हात कोरडे पुसल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही. इतर गावांत शेंदूर तिळाच्या तेलात कालवतात, इथे जवसाच्या.

त्यामागची गोष्ट गावातली लहान मुलंही सांगत. देव एका रात्री आकाशातून जळत आला. लोकांनी उचलला तेव्हा त्याचं अंग भाजलेलं होतं. भाजलेल्याच्या अंगावर पाणी ओतत नाहीत, जवसाचं तेल लावतात. त्यांनी तेच केलं. तेव्हापासून देवावर उपचार चालू आहेत. जखम भरली की खपली आपली आपण पडते. ती पडली, की तिसऱ्या दिवशी रोग्याला आंघोळ घालायची. त्या आंघोळीसाठी एक तांब्याचा कलश कोनाड्यात ठेवलेला होता. विश्रामबुवांच्या आजोबांनी तो चिंचेने घासला, वडिलांनी घासला, स्वतः बुवा दर दसऱ्याला घासत आले. त्यात पाणी कुणीच कधी भरलं नव्हतं.

दुपारी अकोल्याहून त्यांची मुलगी चैताली आली. ती भूगर्भशास्त्र शिकलेली, खनिज सर्वेक्षणाच्या सरकारी नोकरीत. बापाने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "देव मोकळा झाला. ये." खांद्याच्या पिशवीत तिचा 'पारखी' होता. तो नेहमीच असे.

पारखी म्हणजे मुठीत मावणारं, विजेरीसारखं दिसणारं यंत्र. टोक दगडाला टेकवून कळ दाबली, की त्यातून लेझरचा एक ठिपका निघतो आणि मोहरीच्या दाण्याच्या हजाराव्या भागाएवढी धूळ उडवतो. ती धूळ क्षणाच्या लाखाव्या हिश्शापुरती पेटते. त्या उजेडात कोणते रंग आहेत त्यावरून दगडात कोणती मूलद्रव्यं आहेत ते कळतं. दुसरा, सौम्य झोत स्फटिकातल्या अणूंना थरथरवतो. त्या थरथरीवरून अणूंची मांडणी कळते. मूलद्रव्यं आणि मांडणी मिळाली, की खनिजाचं नाव पडद्यावर येतं.

यंत्र बाजारात आल्याला दोन वर्षं होत होती, आणि तेवढ्यात त्याने बरीच घरं हलवली होती. सराफांच्या दुकानांत आता गिऱ्हाईकच खिशातून पारखी काढू लागलं. अंगठ्यांतले खडे सांगणाऱ्या ज्योतिषांनी "खड्यापेक्षा श्रद्धा महत्त्वाची" असं म्हणायला सुरुवात केली. चैतालीने स्वतः एका दिवाळीत, जेवणं झाल्यावर, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या बोटातला पुष्कराज गंमत म्हणून तपासला होता. पडद्यावर 'काच' आलं. भाऊजींनी ती अंगठी अजून काढलेली नव्हती. फक्त खडा तळहाताच्या बाजूला वळवून घालत आणि चैतालीशी हवामानापलीकडे बोलत नसत.

त्यामुळे देवळात पाऊल टाकल्यावर ती यंत्राबद्दल काही बोलली नाही. विषय काढला तो सरपंच ज्योत्स्नाताई इंगोले यांनी.

"आली तशी ते यंत्रही आनलं असशीन," त्या म्हणाल्या. "लाव एकदा. आत नीलम हाय, असं माह्या सासूची सासू सांगे."

"आत दगड हाय," बुवा म्हणाले.

"दगड तं दगड. कोनता ते तं समजू द्या. उद्या रस्त्यावर पाटी लावा लागते."

"देवाची जात विचारता काय, ताई?"

"जात नाई बुवा, नाव विचारतो."

लोक हसले. बुवांनी मुलीकडे पाहिलं. ते नाही म्हणतील असं तिला वाटत होतं. आयुष्यभर ज्या दगडावर त्यांनी शेंदूर चढवला तो त्यांनाही आजच पहिल्यांदा दिसत होता, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"दुखते का त्यानं?" त्यांनी विचारलं.

"सुईच्या टोकाचा शंभरावा भाग. डाग दिसत पण नाही, बाबा."

"मंग लाव. पन हात कोरडे कर."

तिने पंच्याला हात पुसले, टोक दगडाच्या बगलेला टेकवलं आणि कळ दाबली. गेल्या आठवड्यात एका सराफी पेढीच्या तपासणीसाठी यंत्र सराफीच्या मांडणीवर, म्हणजे दुकानातले खडे ओळखायच्या सेटिंगवर, ठेवलेलं होतं. ते बदलायचं तिच्या ध्यानात आलं नाही. पडद्यावर 'मॉइसनाइट' असा शब्द उमटला आणि त्याखाली लाल अक्षरांत: 'हिऱ्याच्या जागी विकला जाणारा कृत्रिम खडा. खरेदीपूर्वी खात्री करा.'

तिने पडदा फिरवला. पण ज्योत्स्नाताईंचा आवाज मोठा होता, आणि त्यांना जे दिसेल ते वाचायची सवय होती.

दुपार कलायच्या आत 'धामणदऱ्याचा देव नकली निघाला' ही बातमी तालुक्याच्या गावी पोचली. तिथून ती परत आली तेव्हा देव प्लास्टिकचा झाला होता.

बुवांनी कोनाड्यातला कलश उतरवला आणि पायरीवर बसून चिंचेने घासायला घेतला.

लोक पांगल्यावर चैताली पुन्हा गाभाऱ्यात गेली. मॉइसनाइट म्हणजे सिलिकॉन आणि कार्बन यांचं संयुग. दुकानात मिळतं ते भट्टीत बनवलेलं, म्हणून सराफीच्या मांडणीला ते नकलीच वाटणार. निसर्गात मात्र ते पहिल्यांदा सापडलं ते उल्केच्या एका खड्ड्यात. पृथ्वीवरच्या दगडात ते इतकं विरळ आहे, की भूगर्भशास्त्राच्या माणसाला जन्मात एकदा दिसलं तरी पुष्कळ. तिने सराफी मांडणी बंद केली आणि यंत्राची तिसरी कळ दाबली. बाजारात विकल्या जाणाऱ्या पारखीत ती कळ नसते.

ही कळ अणूंचं वजन सांगते. कार्बनचे सगळे अणू सारख्याच वजनाचे नसतात. काही किंचित जड असतात. पृथ्वीवर कुठलाही कार्बन घ्या, कोळसा, हिरा, ज्वारीची भाकरी, साधारण नव्वद हलक्या अणूंमागे एक जड अणू सापडतो. चंद्रावरच्या, मंगळावरच्या दगडांतही प्रमाण जवळपास तेच. कारण सूर्य, ग्रह आणि आपण सगळे एकाच कढईत शिजलो. गावजेवणाच्या कढईतली आमटी कुठूनही वाढली तरी चव एकच लागावी, तसं हे आहे. गावजेवण रांधून झाल्याला साडेचारशे कोटी वर्षं झाली, आणि चव अजून तीच आहे.

पडद्यावर आकडे स्थिर झाले. पन्नास हलक्यांमागे एक जड.

तिने यंत्र पुसलं. दगडाच्या दुसऱ्या बाजूला लावलं. पन्नासांमागे एक. खाली, वर, मागच्या अंगाला. जिथे लावावं तिथे तेच. सिलिकॉनचं वजनही आपल्या कढईतलं नव्हतं.

असे कण विज्ञानाला ठाऊक होते. सूर्य जन्मण्याआधी म्हातारे होऊन विझलेल्या ताऱ्यांनी जी धूळ अवकाशात फुंकली, तिचे हे कण. काही उल्कांमध्ये ते सापडतात, पण दगडाच्या लाख भागांत एखादा, आणि तोही इतका बारीक की साखरेच्या पोत्यातून मिठाचा एकच खडा शोधावा. इथे समोर बाराशे किलोचा, माणसाच्या कमरेएवढा धोंडा होता, आणि जिथे हात लावावा तिथे ती धूळ होती.

गाभाऱ्यात उन्हाची एक तिरीप आली होती आणि दगडाच्या खांद्यावर पडली होती. चैताली खाली बसली. त्या उन्हाकडे पाहताना तिच्या मनात आलं, की या भेटीत ऊन वयाने लहान आहे आणि दगड मोठा. 

ती गाभाऱ्याबाहेर आली आणि नेटवर्क मिळालं, तशी पारखीने आपली नोंद मध्यवर्ती साठ्यात पाठवून दिली. प्रत्येक सरकारी यंत्र ते आपण होऊन करतं. बुधवारी सकाळी पुण्याहून फोन आला. उल्कांवर काम करणाऱ्या एका संस्थेतले डॉ. आफळे बोलत होते.

"यंत्र बिघडलंय का, हे आधी सांगा," ते म्हणाले.

"मी घरच्या भिंतीवर, पाट्यावर आणि माझ्या कानातल्यावर तपासलं. बरोबर चालतंय."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"दगड कुठे आहे? उघड्यावर?"

"देवळात. शेंदराच्या कवचात होता. काल कवच पडलं."

"शेंदूर कशात कालवलेला?"

"जवसाच्या तेलात."

आफळे हसले, त्या हसण्यात थट्टा नव्हती. "शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड. जवसाच्या तेलात कालवला की तो लाकडासारखा कडक वाळतो. जहाजं गंजू नयेत म्हणून शंभर वर्षांपूर्वी हाच लेप लावत. नाहीतर या जातीचा दगड एक पावसाळा टिकत नाही. त्यात मातीसारखी खनिजं असतात. पाणी लागलं की तो फुगतो आणि विरघळतो, चहातल्या बिस्किटासारखा. तुमच्या देवाला पाणी कधी लागलेलं नाही ना?"

"नाही," चैताली म्हणाली. "उद्या लागणार आहे."

तिने सगळं सांगितलं. कवच नदीत जाणार हेही सांगितलं. कवचाच्या आतल्या बाजूला त्या दगडाचा भाकरीएवढा जाड काळा थर चिकटून आला होता.

"ते होऊ देऊ नका," आफळे म्हणाले. "जिल्हाधिकाऱ्यांना मी आत्ता फोन करू शकतो. पोलीस येतील, देऊळ बंद करतील. तुम्ही फक्त हो म्हणा. नोंद तुमच्या नावावर आहे, तक्रार तुमच्याकडूनच यायला हवी."

"दुपारपर्यंत सांगते."

"मॅडम, दुपारपर्यंत विचार करण्यासारखं यात काय आहे?"

तिने फोन ठेवला.

बुवा ओट्यावर बसून कलशाच्या गळ्याला सूत गुंडाळत होते. चैताली शेजारी बसली आणि तिने जमेल तितक्या सोप्या शब्दांत सगळं सांगितलं: कढई, चव, विझलेले तारे, पाणी. बुवांचं सूत गुंडाळणं चालूच होतं.

"म्हंजे सूर्याच्या आधीचा," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"मंग आपन त्याले उगवतीकडं तोंड करून बसवला, ते उलटंच झालं म्हना. सूर्यानं याच्याकडं तोंड करा लागत होतं." त्यांना स्वतःलाच हसू आलं. मग ते मावळलं. "काल तुह्यं यंत्र नकली म्हने."

"काल चूक माझी झाली, बाबा. मांडणी बदलायची राहिली."

"यंत्राची का तुही, गावाले काय फरक पडते? काल नकली, आज सूर्याहून जुना. परवा काय म्हनीन?" त्यांनी सुताला गाठ मारली. "माह्या बापानं मरताना विचारलं, पडली का रे खपली? मी म्हटलं, नाई बाबा. त्यानं डोळे मिटले. आता पडली, तं तू म्हनते आंघोळ नको. कोनाच्या भरवशावर? तुह्या पडद्याच्या?"

"दगड विरघळून जाईल, बाबा. मग कुणाला आंघोळ घालाल?"

"इतकी वर्सं तो तेलात बसला. तहान लागली नसन त्याले?"

तिच्या खिशात फोन थरथरला, आफळ्यांचाच होता. एक 'हो' म्हटलं असतं तर दगड वाचला असता. पोलिसांनी बापाला त्याच्याच देवळाच्या पायरीवर अडवलं असतं, आणि त्यानंतर तो तिच्याशी भाऊजींसारखा हवामानाबद्दल बोलला असता. तिने फोन उचलला.

"तक्रार देत नाही," ती म्हणाली. "कवच नदीत जाऊ दे. काळा थर जाईल, तो मी घालवला असं माझ्या नावावर लिहा. स्नानाचं मी पाहते."

"पाहता म्हणजे काय करता?"

"माहीत नाही. त्यांच्याबरोबर नदीवर जाते."

गुरुवारी मिरवणूक निघाली. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं आली होती, दोन बँडवाले आले होते, आणि नकलीची बातमी ऐकून खात्री करायला आलेलेही पुष्कळ होते. वैशाखाच्या उन्हात पैनगंगेचं पात्र आटून डोहापुरतं उरलं होतं. कवचाचे दोन्ही भाग पाटावर घेऊन विश्रामबुवा गुडघाभर पाण्यात उतरले. चैताली त्यांच्या मागे, साडी खोचून.

"येऊ नको म्हटलं तं ऐकशीन थोडी," ते मागे न पाहता म्हणाले.

"तुम्हीच शिकवलं, देवाचं काम अर्ध्यात सोडायचं नाही."

त्यांनी उजवा भाग पाण्यावर टेकवला. लाल बाजू खाली, काळी वर. कवच तरंगलं, हळूहळू पाणी काठावरून आत शिरलं.

काळा थर पाणी लागताच श्वास घेतल्यासारखा फुगला. त्यातून बारीक बुडबुडे येऊ लागले, सगळ्या अंगभर, सर सर असा आवाज करत. मग त्याला भेगा पडल्या, भेगांची माती झाली, मातीची शाई झाली. बुवांच्या पायांभोवतीचं पाणी काळं झालं. एक वास आला, उन्हात तापलेल्या डांबरासारखा, पण त्यात काहीतरी गोडसर होतं, कधी न हुंगलेलं. काठावरून कुणीतरी म्हणालं, "मळ निघाला देवाचा," आणि सगळ्यांनी हात जोडले. बँड वाजू लागला.

बुवा हलले नाहीत. त्यांनी पाण्यात हात घालून त्या थराचा उरलेला लगदा ओंजळीत धरला. तो बोटांच्या फटींतून गळत होता. पाहता पाहता ओंजळीत काही उरलं नाही. हातांच्या रेषा तेवढ्या काळ्या राहिल्या.

"हा मळ नोय," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"नाही, बाबा."

"हे त्याचंच अंग हाय."

"हो."

"केवढा जुना म्हनलं होतं तू?"

तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी काळे हात उन्हात धरून पाहिले. डावा भाग तिच्या हाती देत ते म्हणाले, "हा सांभाळ. हा नाई सोडत." रीत मोडली होती, काठावरून ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग त्यांनी कलश बुडवून भरला, खांद्यावर घेतला आणि मिरवणूक परत फिरली.

देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. बुवांनी पंच्याला हात पुसले. पंचा काळा झाला. कलश घेऊन ते गाभाऱ्यात गेले, दगडासमोर उभे राहिले. चैताली दाराशी होती. तिला फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि वर गेलेले हात. कलशाच्या काठाशी पाणी हलत होतं. तेवढ्या उंचीवर ते हात किती वेळ होते हे नंतर प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलं.

मग हात खाली आले. कलश त्यांनी देवाच्या उजव्या बाजूला जमिनीवर टेकवला, वर ताटली झाकली आणि बाहेर आले.

"खपली पडली," ते लोकांना म्हणाले. "पन खाली ओलं हाय. जखम भरली नाई अजून. आंघोळ नाई घालत."

आधी कुणालाच कळलं नाही. मग गलका झाला.

"बुवा, लोकं पुन्याहून रजा काढून आले," ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

"मंग पाहून जा म्हना. असा परत नाई दिसनार."

"पोरीनं सांगतलं म्हनून का?"

"पोरगी कालपासून सांगते. आज माह्या हातानं सांगतलं." त्यांनी दोन्ही तळवे समोर धरले. पुढच्या रांगेतली काही माणसं जवळ आली, पाहून गेली. मागच्यांना काही दिसलं नाही. ते ओरडत राहिले. नकली देव वाचवायला गुरवाने नाटक केलं, असंही त्यांच्यातला एकजण म्हणाला. बुवांनी ते ऐकलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

डॉ. आफळे शनिवारी स्वतः आले. उंच, किडकिडीत माणूस. हात पुसून आत गेले, दगडासमोर पाच मिनिटं नुसते उभे राहिले आणि मग चष्मा काढून डोळे पुसले. त्यांच्या पेटीत पारखीपेक्षा मोठं यंत्र होतं. त्यानेही तेच आकडे दाखवले. पण त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. इतर उल्कांमध्ये सापडणारे असे कण डझनावारी वेगवेगळ्या ताऱ्यांचे असतात. वारा चार वाटांची धूळ एकत्र करतो तसे. कोरडोबातले तपासलेले सगळे कण एकाच ताऱ्याचे निघाले.

"एका ताऱ्याची धूळ विखुरते," ते ओट्यावर चहा घेताना चैतालीला म्हणाले. "सूर्य, ग्रह बनताना तर सगळंच ढवळून निघालं. हा गोळा त्यातून अख्खा कसा राहिला, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल असं वाटतही नाही."

बुवा बाजूलाच होते. "तो तारा आता कोठी हाय?"

"नाही आता. विझला."

"त्याचं एवढंच राह्यलं?"

"आपल्याला सापडलेलं एवढंच."

बुवांनी मान हलवली. आफळ्यांनी मग विनंती केली: दगड पुण्याला न्यायचा, काचेच्या हवाबंद खोलीत, ओलसर हवाही लागणार नाही अशा जागी. तोवर त्याला तेल लावू नये, शेंदूर लावू नये; त्याने वरचे कण खराब होतील.

"भाजलेल्याले हलवत नाहीत," बुवा म्हणाले, "आन त्याले तेलाबिगर ठेवत नाहीत."

"पण बुवा, तेल लावलं तर आम्हाला वाचता येणार नाही."

"आन नाई लावलं तं?"

आफळ्यांनी कप खाली ठेवला. दगडाच्या डाव्या खांद्यावर केसाएवढी एक भेग पडली होती. ती मंगळवारी नव्हती. आफळ्यांनी ती स्वतःच चैतालीला दाखवली होती.

त्यानंतर तीन आठवडे गेले. देवस्थानच्या बैठकीत स्नान व्हावं आणि होऊ नये, या दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली. सरपंचांनी आपलं मत राखून ठेवलं आहे. दगड हलवण्याबाबत शासनाचा निर्णय आलेला नाही, आणि तो येईपर्यंत तेलही थांबलं आहे. चैतालीने रजा वाढवून घेतली. ती रोज सकाळी पंच्याला हात पुसून आत जाते, दगडाला पारखी लावते, भेगेची लांबी मोजते. बुवा बाजूला उभे असतात. पडद्यावर आकडे आले की ते विचारतात, "तोच तारा?" ती म्हणते, "तोच." मग दोघं थोडा वेळ तिथेच थांबतात.

भेग आता खांद्यावरून कोपराच्या जागेपर्यंत आली आहे. शनिवारपासून या भागात हवेतला दमटपणा वाढेल, असं हवामान खात्याने काल सांगितलं. गाभाऱ्यात देवाच्या उजव्या हाताला पैनगंगेच्या पाण्याने भरलेला कलश आहे, डाव्या हाताला ताज्या जवसाच्या तेलाची वाटी. दोन्हींवर ताटली झाकलेली आहे. आज सकाळपर्यंत त्यांतली एकही ताटली उचललेली नव्हती.